एकट्याने केलेला अभ्यास

अमेरिकेत डॉक्टर, इंजिनीअर किंवा रसायनशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी एक नाका ओलांडावा लागतो. त्या नाक्याचे नाव कॅल्क्युलस, म्हणजे आपल्याकडे बारावीच्या गणितात ज्याची तोंडओळख होते ते कलन. तिथे जो अडकला त्याला पुढचे भौतिकशास्त्र झेपत नाही, रसायनशास्त्र रखडते, आणि वर्षभरात तो विज्ञानाची वाट सोडून दुसरीकडे वळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात १९७० च्या दशकात या नाक्यावर सर्वाधिक अडकत होते ते कृष्णवर्णीय विद्यार्थी. आधीच्या दहा वर्षांत पहिल्या सत्राचा कॅल्क्युलस पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे ६० टक्के जणांच्या गुणपत्रिकेवर ‘डी’ किंवा ‘एफ’ होता, म्हणजे काठावर किंवा नापास.

ही मुले कशीबशी प्रवेश मिळालेली नव्हती. बर्कलीत प्रवेश मिळणे तेव्हाही सोपे नव्हते. आपापल्या शाळेत पहिली आलेली, वर्गाचे पुढारीपण केलेली मुले त्यांत होती. मग घोडे कुठे पेंड खात होते?

फिलिप यूरी ट्राइसमन हा तरुण तेव्हा बर्कलीत गणिताचे संशोधन करत होता आणि शिकवण्याच्या कामात मदत करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रशिक्षणही देत होता. कृष्णवर्णीय मुले मागे का पडतात, असे त्याने प्राध्यापकांना आणि सहायकांना विचारले. उत्तरे अगदी समंजस होती. कोणी वंशाला दोष दिला नाही. कोणी म्हणाले, या मुलांमध्ये तितकी जिद्द नसते. कोणी म्हणाले, त्यांच्या शाळाच कच्च्या, पायाच ठिसूळ. कोणी घरच्या वातावरणाकडे बोट दाखवले, की आईवडिलांना उच्च शिक्षणाची जाण नसते. आणि उरलेल्यांनी गरिबीचे कारण पुढे केले. सगळ्यांचा सूर सहानुभूतीचा होता, आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच निघत होता, की दोष विद्यापीठाबाहेर कुठेतरी आहे. विद्यापीठाने त्याबाबत फार काही करण्यासारखे नव्हते.

ट्राइसमनने या चारही समजुती तपासायचे ठरवले. त्याने कॅल्क्युलसला बसलेले २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले. चिनी वंशाची मुले या विषयात उत्तम गुण मिळवत होती, म्हणून ती तुलनेला. प्रश्नावली वाटून मोकळे होण्याऐवजी तो सुमारे दीड वर्ष या मुलांच्या मागे राहिला. वसतिगृहात, ग्रंथालयात, त्यांच्या घरी तो गेला, घरच्यांशी बोलला, अभ्यास करताना त्यांचे चित्रीकरण केले. शिक्षणावरचे बहुतेक संशोधन गुणपत्रिका मोजून होते. हा माणूस मुले प्रत्यक्ष अभ्यासाला बसतात कशी, हे पाहत बसला.

आणि चारही समजुती एकेक करून गळून पडल्या. जिद्दीचा प्रश्नच नव्हता. ज्या वस्तीतून, ज्या चर्चमधून ही मुले आली होती तिथल्या सगळ्यांच्या आशा त्यांच्यावर होत्या, आणि त्याचे ओझे मुलांना पुरते ठाऊक होते. घरच्यांचे म्हणाल तर अनेक आईवडिलांनी मूल लहान असल्यापासून कॉलेजचे ध्येय ठरवलेले. घरच्या उत्पन्नाचा आणि गुणांचा मेळ बसेना. सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट पूर्वतयारीची. प्रवेशपरीक्षेत गणितात चांगले गुण मिळवलेली कृष्णवर्णीय मुले कॅल्क्युलसमध्ये तरायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्यातलीच अनेक जण लवकर कोलमडत होती.

फरक सापडला तो फारच साध्या ठिकाणी. कृष्णवर्णीय मुले आठवड्याला साधारण आठ तास कॅल्क्युलसचा अभ्यास करत. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, असे शिक्षकांनी सांगितलेले असे आणि ही मुले ते तंतोतंत पाळत. तासाला हजर राहत, गृहपाठ वेळेवर देत. पण २० पैकी १८ जण कधीही वर्गातल्या कोणासोबत अभ्यासाला बसत नव्हते. दिवसाचा अभ्यास वेगळा, संध्याकाळचे मित्र वेगळे, दोन्हींची गाठ पडायची नाही. शाळेत असताना याच सवयीने ती पुढे आली होती. आजूबाजूची मुले वाया जात असताना जे स्वतःला बाजूला काढून पुस्तकात डोके घालून बसले, तेच बर्कलीपर्यंत पोहोचले होते. तिथवर त्यांना आणणारी सवयच तिथे गेल्यावर त्यांना बुडवत होती.

चिनी वंशाची मुले आठवड्याला चौदाएक तास देत. त्यातले आठ-दहा तास तीही एकेकटीच बसत. पण मग संध्याकाळी एकत्र जमत, सोबत जेवण होई, गप्पा होत आणि गृहपाठाच्या वह्या एकमेकांसमोर उघडल्या जात. कोणाचे उत्तर चुकले, कुठे चुकले, नेमकी पायरी कोणती निसटली, याची तपासणी होई. कोणाचा मोठा भाऊ किंवा चुलतभाऊ याच विद्यापीठातून गेलेला असे, त्याच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका येत. एखादे गणित गटात कोणालाच सुटले नाही, तर ते गणितच अवघड आहे हे सगळ्यांना कळे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाला विचारताना लाज वाटत नसे.

एकट्या बसलेल्या मुलाला नेमके हेच कळायला मार्ग नव्हता. गणित सुटले नाही की त्याला वाटे, आपल्यालाच येत नाही. आपण वर्गात कितव्या पाण्यात आहोत याचा अंदाज त्याला पहिल्या परीक्षेचा निकाल हाती पडेपर्यंत येत नसे. गृहपाठ पूर्ण, हजेरी पूर्ण आणि निकाल मात्र ‘डी’, हे पाहून तो हबकून जाई. मग मनात शंका शिरे, की लोक म्हणतात ते खरेच असेल का? ज्या देशात एका वंशाच्या बुद्धीवर शतकानुशतके उघड शंका घेतली गेली, तिथे ही शंका नुसत्या एका परीक्षेपुरती राहत नाही.

विद्यापीठाने मदत ठेवलेली नव्हती असे नाही. मागे पडलेल्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिकवण्या होत्या. तिकडे ही मुले फिरकत नसत, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. शाळेत जे इतरांना शिकवत होते, त्यांनी आता ‘कच्च्या मुलांच्या’ वर्गात जाऊन बसायचे, तेही कातडीच्या रंगामुळे आपली गणना आधीच तिथे झालेली आहे हे ओळखून. मदतीला जाणे म्हणजे आरोप कबूल करणे.

तर्कशास्त्रज्ञ लिऑन हेन्किन यांच्या पुढाकाराने बर्कलीत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम चालत होता. त्याच्या छत्राखाली ट्राइसमनने १९७८ मध्ये गणित कार्यशाळा सुरू केली आणि तिचे स्वरूप जाणीवपूर्वक उलटे ठेवले. ही कमकुवतांची शिकवणी नव्हती, गणितात चमकू पाहणाऱ्यांचा खास वर्ग होता. नेहमीचे तास सगळ्यांसोबत करायचे आणि वर आठवड्यातून काही तास कार्यशाळेला यायचे. तिथे कोणी फळ्यावर सोडवून दाखवत नसे. पाठ्यपुस्तकापेक्षा अवघड गणितांचा एक कागद हाती पडे. आधी स्वतः झटायचे, मग शेजाऱ्याला आपली पद्धत समजावून सांगायची, त्याने खोडून काढली तर वाद घालायचा. मार्गदर्शक फिरत राही आणि फारच अडले तर एखादा प्रश्न विचारून पुढे जाई. सोपी गणिते देऊन आत्मविश्वास वाढवण्याचा मार्ग मुद्दामच टाळला होता. दुसऱ्याला पायरी-पायरीने समजावताना आपल्याला कळल्यासारखे वाटलेले खरोखर कळले आहे का, हे लगेच उघडे पडते. शिवाय चूक होताक्षणी सापडते, परीक्षेनंतर तीन आठवड्यांनी नाही.

निकाल पाहून गणित विभागाचेही डोळे विस्फारले. कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी कार्यशाळेबाहेरच्या आपल्या समाजातल्या मुलांना तर मागे टाकलेच, पण गोऱ्या आणि आशियाई सहाध्यायांपेक्षाही सरस गुण मिळवले. प्रवेशपरीक्षेत गणितात ८०० पैकी सहाशेच्या आसपास गुण असलेली कृष्णवर्णीय मुले, साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्या बरोबरीने चालू लागली. ही मुले स्वेच्छेने आली होती, त्यामुळे मुळातच अधिक उत्साही असतील, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तही आहे. पण ज्यांना जिद्द नाही असे म्हटले जात होते त्यांच्याबद्दल, ‘यांना जिद्द जास्त होती म्हणून निकाल चांगला आला’ असे म्हणावे लागणे, ही गंमतच म्हणायची. ट्राइसमनला १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तोवर त्याची पद्धत अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत पोहोचली होती.

यावर संपूर्ण इमारत उभी राहिली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेरीलँड राज्यात. बॉल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठाच्या संकुलात, ज्याला सगळे ‘यूएमबीसी’ म्हणतात, १९८७ मध्ये फ्रीमन ह्रबोव्स्की रुजू झाले. गणिताचा हा माणूस १९५० मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्मला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन १९६३ मध्ये त्या शहरातली शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा बारा वर्षांचा फ्रीमनही त्यांत होता. पाच दिवस तो तुरुंगात होता. त्याला हवे होते ते गोऱ्या मुलांच्या शाळेतले चांगले शिक्षण.

यूएमबीसीत आल्यावर त्यांना दिसले की विज्ञानाच्या वरच्या वर्गांत ‘ए’ मिळवणारा कृष्णवर्णीय विद्यार्थी शोधावा लागतो. बॉल्टिमोरचे दानशूर रॉबर्ट मेयरहॉफ यांना दुसरी खंत होती. दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय तरुण दिसतो तो एकतर खेळाच्या मैदानावर किंवा बेड्यांत, याचे त्यांना वाईट वाटत होते. दोघांच्या भेटीतून १९८८ मध्ये ‘मेयरहॉफ स्कॉलर्स’ हा कार्यक्रम ठरला आणि पुढच्या वर्षी १९ कृष्णवर्णीय मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. वर्षभरात तो मुलींनाही खुला झाला. १९९६ पासून, वंशावर आधारित शिष्यवृत्तीविरुद्ध न्यायालयाचा निर्णय आल्यानंतर, तो सर्व वंशांच्या मुलांना खुला आहे.

शिष्यवृत्ती हा त्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग म्हणावा लागेल. पैसे देऊन मुलांना मोकळे सोडणारे कार्यक्रम अमेरिकेत पुष्कळ होते. इथे कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुले सहा आठवडे एकत्र राहतात आणि गणित, विज्ञान एकत्र शिकतात. पुढे गटाने अभ्यास ही सवड असेल तर करण्याची गोष्ट नसते, ती कार्यक्रमाची अट आहे. एक मागे पडला तर बाकीच्यांना जाब विचारला जातो. पायाभूत विषयात ‘सी’ आला तर पुढे ढकलून देण्याऐवजी तोच विषय पुन्हा घ्यायला सांगतात, कारण कच्चा पाया पुढच्या वर्षी दुप्पट महाग पडतो. आणि लवकरात लवकर प्रत्येकाला खऱ्या प्रयोगशाळेत काम दिले जाते. एचआयव्हीच्या रचनेवर संशोधन करणारे मायकेल समर्स यांच्यासारखे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ या मुलांना आपल्या प्रयोगशाळेत घेतात.

याचा परिणाम मोजायचा कसा, हा प्रश्न नाजूक आहे. निवडच हुशार मुलांची, तेव्हा ती पुढे जाणारच, असे कोणीही म्हणेल. म्हणून संशोधकांनी तुलना केली ती निवड होऊनही दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या मुलांशी. गुण तेवढेच, शिफारशीही तशाच. तरीही विज्ञानातील पीएचडी किंवा डॉक्टरकी-पीएचडी अशा जोड पदवीकडे जाण्याचे प्रमाण मेयरहॉफच्या मुलांत सुमारे पाचपट निघाले. ही तुलना पूर्ण निर्दोष नाही. दुसरीकडे गेलेल्यांच्या मनात कदाचित संशोधनाची ओढ कमी असेल. पण पाचपटीचा फरक एवढ्या एका कारणाने भरून निघणे अवघड आहे. आजवर हजाराहून अधिक विद्यार्थी या कार्यक्रमातून बाहेर पडले आहेत. डॉक्टरकी आणि पीएचडी दोन्ही करणारे कृष्णवर्णीय पदवीधर घडवण्यात हे मध्यम आकाराचे सरकारी विद्यापीठ देशात आघाडीवर आहे. २०१७ ते २०२१ या काळात अमेरिकेचे सर्जन जनरल असलेले जेरोम ॲडम्स हे याच कार्यक्रमाचे विद्यार्थी.

आणि किझमेकिया कॉर्बेट. उत्तर कॅरोलिनातल्या हिल्सबरो या छोट्या गावात वाढलेली ही मुलगी २००८ मध्ये मेयरहॉफ स्कॉलर म्हणून पदवीधर झाली, विषय जीवशास्त्र आणि समाजशास्त्र. चॅपल हिलच्या विद्यापीठातून तिने २०१४ मध्ये पीएचडी केली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या लस संशोधन केंद्रात बार्नी ग्रॅहम यांच्या गटात ती दाखल झाली. करोना विषाणूंच्या काट्यासारख्या प्रथिनाचा, म्हणजे स्पाइकचा, त्या गटाचा अभ्यास चालू होता. हे प्रथिन पेशीला चिकटण्याआधी एका आकारात असते आणि चिकटताना झटकन दुसऱ्या आकारात जाते. लसीला उपयोगी असतो तो पहिला आकार. प्रथिनात ठरावीक जागी प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू बसवले की तो आकार टिकून राहतो, हे मर्सच्या विषाणूवर काम करताना या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली तेव्हा युक्ती हाताशी तयार होती. १६ मार्च २०२० रोजी मॉडर्ना कंपनीच्या लसीची पहिली चाचणी-मात्रा सिॲटलमध्ये टोचली गेली.

पुढे लस हाती आली आणि कृष्णवर्णीय समाजात अनेकांनी ती घ्यायला नकार दिला. त्याला इतिहास होता. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून ४० वर्षे सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत ठेवला होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. अशा समाजाशी बोलायला कॉर्बेट चर्चमधल्या आणि वस्त्यांतल्या सभांना गेली, लोकांच्या शंकांना तासन्‌तास उत्तरे देत राहिली. लोक लसीबद्दल कां-कू करत आहेत असे म्हणण्याऐवजी ते चौकशी करत आहेत असे म्हणा, असा तिचा आग्रह होता. लस बनवणाऱ्या मुख्य लोकांपैकी एक कृष्णवर्णीय स्त्री आहे, हे डॉ. अँथनी फाउची यांनीही तेव्हा जाहीरपणे सांगितले.

डॉक्टर किंवा संशोधक आपल्यातला असण्याने रुग्णाला नेमका फरक काय पडतो, याची एक चाचणी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात झाली होती. सुमारे ६४० कृष्णवर्णीय पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसे काहींना कृष्णवर्णीय, काहींना इतर डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरचे फक्त छायाचित्र पाहून तपासण्या निवडताना दोन्ही गटांत फरक नव्हता. प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टरकडे गेलेले पुरुष मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीला, विशेषतः रक्त काढायला, बरेच जास्त तयार झाले. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांच्या हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंतली दरी यामुळे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असा संशोधकांचा अंदाज. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि डॉक्टरांमध्ये ते सुमारे पाच टक्के. बर्कलीच्या त्या वर्गात ‘डी’ मिळालेल्यांत किती होऊ घातलेले डॉक्टर होते, हे कोणी मोजले नाही.

यूएमबीसीत दुसरे एक काम शांतपणे झाले. मेयरहॉफची मुले गटाने शिकून पुढे जातात हे दिसल्यावर, विद्यापीठाने २००५ पासून पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्रही सगळ्यांसाठी छोट्या गटांत शिकवायला सुरुवात केली. नापासांचे प्रमाण घटले, आणि त्याचा फायदा गोऱ्या मुलांनाही तितकाच झाला. ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा, तुमच्यापैकी एक जण वर्षअखेर इथे नसेल,’ असे पहिल्या दिवशी ऐकवण्याची अमेरिकी विज्ञान-महाविद्यालयांची जुनी रीत आहे. ती चाळणी सगळ्यांनाच चाळत होती, काहींना अधिक एवढेच.

हा कार्यक्रम एका ह्रबोव्स्कींच्या करिष्म्यावर चालतो, दुसरीकडे रुजणार नाही, अशी शंका पुष्कळांना होती. ते १९९२ ते २०२२ अशी तीस वर्षे यूएमबीसीचे अध्यक्ष होते, त्यामुळे शंकेला जागाही होती. पेन स्टेट आणि चॅपल हिल या दोन विद्यापीठांनी २०१३ मध्ये हाच आराखडा उचलला. दोन्ही संस्था आकाराने कितीतरी मोठ्या, विद्यार्थी वेगळे, प्राध्यापक वेगळे. यूएमबीसीतली माणसे तिकडे जाऊन बसली, तिकडची इकडे येऊन उन्हाळी शिबिरे पाहून गेली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अहवालानुसार पहिल्या काही तुकड्यांची कामगिरी मूळ कार्यक्रमाच्या जवळपास निघाली. मात्र ती जशीच्या तशी उचलावी लागते. सहा आठवड्यांचे शिबिर महाग पडते म्हणून ते गाळायचे आणि फक्त शिष्यवृत्ती ठेवायची, असा सोपा मार्ग बऱ्याच संस्थांना मोहवतो.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तेव्हापासून तिथली चर्चा दारातून कोणाला आत घ्यायचे याभोवतीच फिरते आहे. ट्राइसमनने चित्रित केलेली मुले मात्र दारातून आत आलेली होती. पहिल्या परीक्षेनंतर ‘डी’ची उत्तरपत्रिका घेऊन ती वसतिगृहातल्या आपापल्या खोलीत गेली, दार लावून घेतले, आणि आणखी जोमाने एकटीच अभ्यासाला बसली.